काळ्या दगडाचं काम काढताना

आमच्याकडं घर बांधायला काढलेला माणूस हल्ली मोबाईलमधला फोटो दाखवतच येतो. कुठल्यातरी बंगल्याचा दर्शनी भाग, काळाकुळकुळीत, नुकतं पाणी मारल्यासारखा. "मामा, अस्साच दगड पाहिजे." मी विचारतो, कुठं लावायचाय? जोत्याला, पायऱ्यांना, चौकटीला, का सगळ्या भिंतीला? "सगळीकडंच की!" मग मी चहा सांगतो, कारण आता बसून बोलावं लागणार असतं.

मी लातूर जिल्ह्यातल्या औशाचा. वडील पाथरवट. भात्यावर छिन्नीला पाणी द्यायच्या कामापासून त्यांच्या हाताखाली शिकलो, आता गुत्तेदारी करतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: आपला काळा दगड घराच्या खालच्या अंगाला आणि कडांना शोभतो. जोतं, पायरी, उंबरा, चौकट, कोपरे. भिंतभर चढवला की पैसे जास्त जातात, घर तापतं आणि डोक्यावर नसतं ओझं येतं. संभाजीनगरचा बीबी का मकबरा पांढराशुभ्र दिसतो म्हणून सगळा संगमरवराचा वाटतो. प्रत्यक्षात खालचा पट्टा आणि वरचा घुमट तेवढा संगमरवराचा. मधलं बांधकाम आपल्या काळ्या दगडाचंच, वरून घोटीव गिलावा आणि नक्षी. बादशहाच्या घरचं कामसुद्धा नजर कुठं जाते ते बघून दगड वापरून झालंय, तर आपण तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर कशाला हट्ट धरायचा?

खाणीवर जाऊन काय बघायचं

लातूर, बीड, धाराशिव, परभणी, जालना, कुठंही खाली गेलं की बेसाल्ट, म्हणजे आपला काळा दगड, लागतोच. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले, त्याचा हा दगड. थर हा शब्द ध्यानात ठेवा. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट, एकजीव असतो. वरचा भाग बुडबुड्यांचा, सच्छिद्र, त्यात पांढरी गार, म्हणजे स्फटिकासारखे खडे, भरलेली. दोन थरांच्या मधे कधीकधी तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. म्हणजे एकाच खाणीत सोन्यासारखा दगड आणि टाकाऊ दगड दहा फुटांच्या अंतरानं निघतो. "अमक्या खाणीचा माल" एवढ्यावर सौदा करू नका. कुठल्या थराचा आहे ते स्वतः बघा.

दगडाच्या जातीनं किती फरक पडतो ते बघायचं असेल तर आमच्या तालुक्यातली खरोशाची लेणी बघा आणि मग वेरूळ बघा. खरोशाचं कोरीवकाम जांभ्या दगडातलं. मूर्तींचे चेहरे झिजून गेलेत, बऱ्याच ठिकाणी नुसता आकार उरलाय. वेरूळचं कैलास आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळातलं, पण बेसाल्टमधलं. तिथं कितीतरी ठिकाणी छिन्नीच्या रेघा अजून बोटाला लागतात.

खाणीवर गेलात की आधी नव्या मालाकडं बघू नका. एक-दोन पावसाळे उघड्यावर पडलेला जुना ढीग कुठाय ते विचारा. काही बेसाल्टमध्ये हिरवट-काळपट ठिपके असतात. ताजा फोडला तेव्हा दगड मस्त दिसतो, पण ऊन-पाऊस लागला की हे ठिपके फुगतात आणि दगड खडीसारखा मोकळा होतो. जुन्या ढिगातले दगड कडांनी भुरभुरत असतील, कांद्यासारखे पापुद्रे सुटत असतील, तर त्या थराचा दगड चौकटीला सोडाच, जोत्याच्या पोटात भरायलाही घेऊ नका.

मग आवाज. हातोड्यानं ठोका. खणखणीत वाजला तर आत चीर नाही. बद्द आवाज आला तर बाजूला. हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यापुढची युक्ती मी वडिलांकडून शिकलो आणि अजून तिच्याइतकी स्वस्त दुसरी सापडली नाही. दगडावर तांब्याभर पाणी ओता आणि बिडी ओढत बसा (ओढत नसाल तर उत्तमच). पृष्ठभाग हळूहळू सुकून राखाडी होत जातो. चीर असेल तिथं मात्र केसाएवढी काळी ओली रेघ मागं राहते, कारण चिरेत शिरलेलं पाणी शेवटी सुकतं. ती रेघ कडेपासून कडेपर्यंत जात असेल तर घडताना तो दगड नेमका तिथंच दुभंगणार, आणि तेही बहुतेक शेवटच्या घावाला. रेघ अर्ध्यातच थांबत असेल तर तेवढा भाग सोडून लहान तुकडा काढता येतो.

पाणी किती पितो तेही बघून घ्या. एक किलोच्या आसपासचा तुकडा कडक उन्हात नीट वाळवून वजन करा, दिवसरात्र पाण्यात बुडवा, फडक्यानं पुसून पुन्हा तोला. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा चालतो. किलोमागं दहा ग्रॅमच्या आत वाढ असेल तर दगड घट्ट. तीस-चाळीस ग्रॅम पाणी प्याला तर तो बुडबुड्यांचा थर आहे. असला दगड कंपाउंडला चालेल, पायरीला नाही.

अजून एक विचारायचं: सुरुंगाचा का पाचरीचा? आता बहुतेक खाणी खडी क्रशरसाठी चालतात. तिथं सुरुंग लावून डोंगर पाडतात आणि त्या हादऱ्यानं दगडात बारीक चिरा पडतात. खडीला त्याचं काही नाही. घडीव कामाला मात्र ओळीनं भोकं पाडून, लोखंडी पाचरी ठोकून फोडलेला दगड लागतो. महाग पडतो, पण मिळतो.

दुकानातला "काळा पाषाण"

कापून पॉलिश केलेल्या लाद्या दुकानात "काळा पाषाण" म्हणून विकतात. त्यात कधीकधी कडप्पा असतो. कडप्पा वाईट नाही, स्वयंपाकघरातल्या फडताळांना आणि मोरीला आपण वर्षानुवर्षं वापरतोय. पण तो चुनखडीच्या जातीचा दगड, आंध्रातून येतो. बाहेरच्या भिंतीवर ऊन-पावसात तो पांढुरका पडतो. ओळखायचं सोपं आहे. लादीच्या मागच्या बाजूला खिळ्यानं खरवडा, थोडी पूड निघू द्या, तिच्यावर संडास धुवायच्या ॲसिडचा एक थेंब टाका. बुडबुडे आले तर कडप्पा. बेसाल्ट गप्प राहतो. गार भरलेल्या पांढऱ्या ठिपक्यावर थेंब पडला तर तिथं थोडं फसफसू शकतं, म्हणून काळ्या भागावरच टाका. एका दुकानात मी हे केलं तर मालक म्हणाला, "मामा, तुम्हाला दगड घ्यायचाय का परीक्षा घ्यायचीय?" दोन्ही, म्हटलं.

लादी फार काळी असेल तर रॉकेलचं फडकं फिरवून बघा. कोरडा बेसाल्ट खरं तर निळसर राखाडी असतो, ओला झाला की काळा दिसतो. दुकानात तेल किंवा रंग चोळून काळा केलेला माल फडक्याला काळं लावतो. देवाची मूर्ती काळी दिसते ती घोटून घोटून आणि तेल-तुपाच्या हातानं. तसा रंग घराच्या भिंतीला कायमचा मिळत नाही. ज्यांना राखाडी आवडत नाही त्यांनी हा दगड घेऊच नये, असं मी तोंडावर सांगतो.

घडणावळ आणि जोतं

दगडाचं वजन आधी डोक्यात घ्या. एक घनफूट म्हणजे सुमारे ८० किलो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, नऊ इंच उंच असा चिरा १२० किलोचा झाला. चार माणसं लागतात. म्हणून दगड घडवून गाडीत घालण्यापेक्षा कच्चे तुकडे जागेवर आणून तिथंच घडवलेले बरे. कडा वाहतुकीत फुटत नाहीत, आणि मालकाच्या डोळ्यासमोर काम होतं.

पाथरवटाला "घडीव" एवढंच सांगू नका. कुठली बाजू किती साफ, ते सांगा. दर्शनी तोंड टाकीनं (टोकदार छिन्नीनं) सारखं केलेलं, चारी कडांना इंचभर पट्टी छिन्नीनं गुळगुळीत, बसायच्या आणि सांध्याच्या बाजू गुण्यात (काटकोनात), मागचं तोंड खडबडीत राहू द्यावं, कारण मसाला (सिमेंट-वाळूचा) तिथंच धरतो. मशीनवर कापलेला दगड सगळीकडून गुळगुळीत येतो. मग त्याला मागून टाकी मारून घ्या, नाहीतर सिमेंट सुटतं. दर्शनी बाजू पूर्ण गुळगुळीत नको हे माझं मत. टाकीच्या घावांवर सकाळचं तिरपं ऊन पडलं की दगड जिवंत दिसतो, पॉलिशवर फक्त बोटांचे आणि पाण्याचे डाग दिसतात.

आता पाया. आपल्याकडं काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. तिच्यावर दगडाचं जोतं बसवणं म्हणजे हलत्या बैलगाडीवर देव्हारा मांडणं. खणत मुरूम लागेपर्यंत जा. मुरूम फार खोल असेल तर इंजिनिअरकडून पायाचं वेगळं डिझाईन घ्या, तिथं मिस्त्रीच्या अंदाजावर चालत नाही.

जोत्याचा पहिला थर सगळ्यात मोठ्या दगडांचा. सांध्यावर सांधा येऊ देऊ नका. खालच्या दगडाच्या पोटावर वरचा सांधा आला पाहिजे. दर्शनी दगडामागं नुसती माती-डबर भरून मोकळं होणारे गडी असतात. पोट मसाल्यात, दगड ठोकून ठोकून, पोकळी न ठेवता भरून घ्या. काळा दगड स्वतः फारसं पाणी ओढत नाही, ओल सांध्यांतून वर चढते. म्हणून जोत्याच्या माथ्यावर ओल अडवणारा काँक्रीटचा दीड-दोन इंचाचा पट्टा हवाच, त्यावर भिंत.

पायऱ्या एकसंध दगडाच्या घ्या. उंची सहा इंच, पाऊल ठेवायला फूटभर, आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतार, नाहीतर पावसाचं पाणी थबकतं. पुढची कड थोडी मारून गोल करा, धारदार कड पहिल्याच वर्षी सिलिंडर उतरवताना उडते. पायरीला पॉलिश अजिबात नको. म्हातारी माणसं घसरतात.

उंबऱ्याबद्दल आमच्याकडं वाद नसतो: तो एकाच दगडाचा, आणि घरातल्या बाईनं पसंत केलेला.

दर्जा, म्हणजे दगडांच्या सांध्यातला मसाला, भरताना सांधा इंचभर खोल खरवडून, धुऊन, ओला करून मग मसाला दाबायचा. दर्जा दगडाच्या तोंडापासून जराशी आत राहिली पाहिजे. हल्ली दर्जा बाहेर फुगवून, वर काळा रंग मारून सापासारखी रेघ काढतात. दगडापेक्षा तीच डोळ्यात भरते. शिवाय फुगवलेल्या कडेवर पाणी अडतं. गोणपाट टाकून आठवडाभर पाणी मारत राहा. मे महिन्याच्या दुपारी हे काम काढूच नये.

किल्लारीनंतर

किल्लारी आमच्याच तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपाची पहाट, आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपलेले. त्यानंतर आमच्या भागात "दगड" म्हटलं की जुनी माणसं नको म्हणतात, आणि त्यांना मी वाद घालत नाही. पण नव्या पिढीला नेमकं काय झालं ते ठाऊक पाहिजे. त्या भिंती दोन-अडीच फूट जाड होत्या. बाहेर एक दगडाची रांग, आत एक, मधे माती आणि चिपा. दोन्ही रांगांना बांधणारं काही नाही. डोक्यावर माळवद, फूट-दोन फूट मातीचा थर. जमीन हलली तशा दोन्ही रांगा एकमेकींपासून सुटल्या आणि माळवद खाली आलं.

भूकंपाच्या भागातल्या अशा बांधकामासाठी आयएस १३८२८ हे भारतीय मानक आहे. त्याचं सार असं: दगडी भिंत ४५० मिलिमीटरपेक्षा जाड नको. दर ६०० मिलिमीटर उंचीला, आणि आडव्या अंतरात १.२ मीटरच्या आत, भिंतीच्या आरपार जाणारा एक दगड बसवायचा, ज्याला साइटवर थ्रू म्हणतात. कोपऱ्यांना लांब दगड. जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छताखाली घरभर फिरणारा पट्टा. मातीत रचलेली भिंत मी कुणाला बांधून देत नाही, कितीही "जुना लूक" मागितला तरी. घराचा सांगाडा आरसीसीचा ठेवा, दगडाला शोभेचं आणि जोत्याचं काम द्या.

भिंतीवर लादी लावायचीच असेल तर

इंचभर जाडीची लादी चौरस फुटाला साडेसहा किलोच्या आसपास भरते. दहा फूट बाय दहा फूट भिंत म्हणजे साडेसहाशे किलो लटकणार. कच्च्या गिलाव्यावर ती चिकटवू नका. विटांवर किंवा ब्लॉकवर पक्का, खरखरीत गिलावा करून घ्या आणि दगडासाठी असलेलं ॲडेसिव्ह लादीच्या पूर्ण पाठीला लावा. चार कोपऱ्यांना चार गोळे लावून लादी दाबली की मधे पोकळी राहते, आणि ती एखाद्या पावसाळ्यात कळते. दहा फुटांच्या वर गेलात तर नुसत्या चिकटवण्यावर भागत नाही. स्टेनलेस स्टीलचे क्लॅम्प किंवा पिना लागतात. साधं लोखंड गंजून फुगतं आणि दगडच फोडतं. दोन लाद्यांत तीन मिलिमीटरची फट सोडा. उन्हानं दगड वाढतो, त्याला जागा पाहिजे.

पश्चिमेच्या भिंतीला तर लावूच नका. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर. दिवसभर तापलेला काळा दगड रात्री अकरापर्यंत खोलीत गरमी सोडत राहतो. पडवी असेल, झाडाची सावली असेल तर गोष्ट वेगळी.

अंगणालाही काळा दगड नको, तिथं शहाबादी. कलबुर्गी जिल्ह्यातली ही फरशी निजामाच्या राज्यात आपल्या शेजारचीच होती. राखाडी, थरांची, पायाला कमी पोळते. घेताना जाडी बघा, एकाच गाडीत एक इंच आणि दीड इंच दोन्ही निघतात. शहाबादी मात्र चुनखडीची, म्हणून तिच्यावर ॲसिड ओतून "साफ" करायचं नाही. फेस येतो तो मळाचा नसतो, फरशीचाच असतो.

जुन्या वाड्याचा दगड

पडलेल्या वाड्याचे, गढीचे चिरे विकत मिळतात आणि ते नव्यापेक्षा सरस असतात, शंभर पावसाळे बघून झालेले. वाडा उतरवतानाच चुन्यानं प्रत्येक दगडावर थर आणि क्रमांक लिहून घ्या. नाहीतर चौकटीचे दगड जुळवताना डोकं धरून बसावं लागतं. खालच्या थरांना लोणा लागलेला असतो. ते दगड पाण्यात भिजवून, वाळवून, पुन्हा भिजवून क्षार काढून टाका.

वाडा पाडायचा नसून दुरुस्त करायचा असेल तर सांध्यात सिमेंट भरू नका. जुनी भिंत चुन्याची, थोडी हलणारी, ओल बाहेर सोडणारी. सिमेंट ओल कोंडतं आणि दगडाची कड घेऊन सुटतं. चुना भिजवून मुरवून ठेवावा लागतो. जुने लोक त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी घालत. चुना मळणारी घाणी आता दिसत नाही, पण मिक्सरमध्ये काम होतं, घाई केली नाही तर. दगडावर ऑइलपेंट मारलेला असेल (देवळांत तर हिरवा-गुलाबी सर्रास) तर वाळूच्या फवाऱ्यानं उडवायला लावू नका, दगडाचं तोंडच जातं. रंग मऊ करणारं रसायन, नायलॉनचा ब्रश, पाणी, आणि धीर.

कोरीव दगड, म्हणजे कीर्तिमुख, मूर्तीचा तुकडा, नक्षीचा खांब, कुणी विकायला आणला तर घेऊ नका. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंना १९७२चा पुरावस्तू कायदा लागतो. शेतात सापडला तर तहसीलला कळवा. आणि प्लॉट किल्ल्याजवळ, जुन्या देवळाजवळ असेल तर आधी चौकशी करा: केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते.

शेवटी हिशोब. पाथरवटाशी बोलताना माप कशात धरायचं ते आधी कागदावर लिहा: जोत्याचं चौरस फुटात, पायरी आणि पट्टी रनिंग फुटात, कोपऱ्याचे दगड नगावर. कोपऱ्याला दोन तोंडं घडवावी लागतात, त्याचे पैसे वेगळे, आणि ते मागणारा गडी लुटत नसतो. दगड फुटला तर कुणाचा, हेही लिहा. आमच्याकडं चीर आधीच दिसत असूनही मालकानं "चालवा" म्हटलं असेल तर मालकाचा, नाहीतर गुत्तेदाराचा.